पिवळा रुमाल

यासीनभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात पहिल्या शिफ्टला होतो. फोन सलीमचा, म्हणजे त्यांच्या भाच्याचा. "मामू गेले," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. बल्लारपुरात यासीनभाईंचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, गावातून गाडीने कामाला येणारे आम्ही सगळे त्यांचे गिऱ्हाईक. पण मी जायचो तो मुख्यतः रविवारी, रेस पाहायला.

केबल तेव्हा नवी नवी आली होती. दुकानातल्या टीव्हीवर रविवारी संध्याकाळी फॉर्म्युला वनच्या शर्यती लागत. समालोचन इंग्रजीत आणि यासीनभाईंची शाळा चौथीतच सुटलेली. मी बी.ए., त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे आणि पंख्याखालची खुर्चीही माझीच. ट्रॅकबाहेरून गाडी काढून कुणी पुढे गेला तर त्याने ती जागा परत द्यायची, नाहीतर दहा सेकंदांची शिक्षा... हा नियम त्यांना मीच समजावून सांगितला होता. तो त्यांना भारी आवडला. आवडायचं नाही ते नंतरचं भांडण. बक्षीस वाटून व्हायचं, मग पंच बंद खोलीत बसून निकाल फिरवायचे आणि दोन्ही संघ आठवडाभर एकमेकांवर तोंडसुख घ्यायचे. "हे काय पंच झाले?" यासीनभाई वैतागायचे. "माणूस चुकते, बाबू. त्याले तिथीच सांगाचं. जागा वापस दिली का बात खतम."

आमच्या गावचा तलाव मे महिन्यात आटतो. त्या कोरड्या तळात मोटरसायकलींची शर्यत घ्यायची टूम यासीनभाईंचीच. चुन्याच्या रेघा मारून ट्रॅक आखायचा, पाच फेऱ्या, बक्षीस एक हेल्मेट. पंच ते स्वतः. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पिवळा रुमाल घेऊन उभे राहायचे. रुमाल वर गेला की रेघ ओलांडणाऱ्याने समजायचं आणि जागा परत द्यायची. दोन उन्हाळे कुणाची काही तक्रार झाली नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात चौथ्या फेरीपर्यंत सलीम माझ्या पुढे होता. तलावाच्या मधोमध वरून सुकलेला, आतून चिखल असलेला भाग होता आणि ट्रॅक त्याला वळसा घालून जायचा. पण त्या चिखलातून मुरमाचा एक टणक पट्टा जातो. बाहेरच्यांना तो ओळखू येत नाही. बाबांबरोबर जाळं घेऊन लहानपणापासून त्या तळात उतरलेल्या माझ्या पायांना तो पाठ होता. मी रेघ ओलांडली, पट्ट्यावरून सरळ गेलो आणि सलीमच्या पुढे निघालो. गाव ओरडायला लागलं. माझे बाबाही, जे कधी आवाज चढवत नसत. मी पाळीकडे पाहिलं. यासीनभाईंनी रुमाल वर धरला होता. पूर्ण एक फेरी बाकी होती, सलीमला पुढे सोडून पुन्हा गाठणं जमलंही असतं. मी मान खाली घातली आणि गाडी पळवली.

मी पहिला आलो. यासीनभाई पाळीवरून उतरले आणि म्हणाले, "दहा सेकंद. सलीम पहिला."

"भाचा आहे म्हणून?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"रुमाल नाई दिसला तुले?"

"नाई दिसला."

तेवढं पुरलं. मामाने भाच्याला जिंकवलं, ही गोष्ट आठवड्यात बल्लारपूरभर झाली. त्यांनी निकाल बदलला नाही, पण पुन्हा कधी पंच म्हणून उभे राहिले नाहीत. शर्यत बंद पडली. माझी गाडी ते पूर्वीसारखीच दुरुस्त करून देत, रविवारी जाणं मात्र मी सोडलं. काही वर्षांनी सलीम म्हणाला, "मामू आता आवाज बंद करून रेस पाह्यते. समजावून सांगाले कोणी नाई ना." मला लाज वाटली. तरी गेलो नाही.

गेलो ते त्यांनी अंथरूण धरल्यावर, त्यांच्या घरी. रविवार होता, टीव्ही मुका चालू होता. मी आवाज वाढवला आणि पूर्वीसारखं सांगत बसलो. एक गाडी वळण कापून पुढे गेली आणि लगेच बाजूला होऊन तिने मागच्याला वाट दिली. यासीनभाई हसले. मग माझ्याकडे वळले. "तुले खरंच नाई दिसला होता?"

"नाई, यासीनभाई."

"मंग माही चूक," ते म्हणाले. "झाडाच्या सावलीत उभा होतो मी. उन्हात राह्याले पाह्यजे होतं..."

तिसऱ्या दिवशी ते गेले. चाळिसाव्याला मी दुकानात गेलो आणि सलीमला सांगून टाकलं, "मले रुमाल दिसला होता."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मले माहीत आहे. मी तुह्या मागंच होतो. तू वर पाह्यलं अन् मान खाली घातली. मामूले त्याच दिवशी सांगतलं मी."

"मंग मले विचारत काऊन होते?"

"मामू म्हणे, फेरी बाकी आहे अजून त्याची. देईल वापस."

आता रविवारी पुन्हा दुकानात जातो. रुमाल अजून तिथल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे, तेलाचे डाग पडलेला. पंख्याखालच्या खुर्चीत बसलं की तो बरोबर समोर येतो.