गांगुर्डे काकांचे दात

गांगुर्डे काकांचे खालचे चार दात माझ्यामुळे गेले.

काल सकाळी काकाही गेले. हार्ट अटॅक.

आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी नाशिक–पेठ–हरसूल रस्त्यावर, उभ्याने. दात असे की ऊस दातांनी सोलायचे आणि वर आम्हाला म्हणायचे, "तुम्ही शिकलेले लोक. तुम्ही ज्यूस प्या."

माझी धाकटी बहीण मीरा तेव्हा इथेच डेंटल कॉलेजात शिकत होती. तिचा थीसिस एका जेलवर होता. दातांवर रोज एक चिकट थर बसतो. तो वेळेत काढला नाही की कडक होतो, त्याचं कीटण बनतं. मग ते ब्रशने निघत नाही. जेल लावलं तर हे थांबतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

ट्रायलसाठी माणसं मिळत नव्हती.

काकांचं नाव मी सुचवलं.

मीराने आधी त्यांचे दात साफ करून दिले. मग समजावलं. रोज ब्रश केल्यावर उजव्या बाजूला जेल लावायचं. डाव्या बाजूला काही नाही.

"डावीनं काय पाप केलंय?"

"तुलना करायला लागते, काका."

"म्हणजे डावी बाजू विदाऊट तिकीट."

आणि एक अट. आम्ही सांगेपर्यंत कुठल्याही डॉक्टरकडून दात साफ करून घ्यायचे नाहीत. नाहीतर किती कीटण बसलं ते कळणारच नाही.

"मॅडम, सिंगल बेल दिली की गाडी थांबती. डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाय. तुमची बेल येईस्तोवर मी नाय हलणार."

काही महिन्यांत ट्रायल बंद पडली. जेल देणाऱ्या कंपनीने अंग काढून घेतलं. मीराने विषय बदलला आणि मला मेसेज केला. ताई, काकांना सांग ट्रायल बंद झाली. म्हणावं, आता क्लीनिंग करून घ्या.

मी अंगठा पाठवला.

काकांना सांगितलं नाही.

कारण काही नव्हतं. पेपर तपासायचे असतील, पाहुणे असतील. आता आठवतही नाही.

एकदा जिन्यात त्यांनी विचारलं होतं. "ट्यूब संपली. नवी कधी येणार?"

"विचारते मीराला."

विचारलं नाही.

त्याला चार वर्षं झाली.

दिवाळीला मी खाली चिवडा द्यायचे. मागच्या दिवाळीत काकांनी तो माझ्यासमोर चहात भिजवला.

"काका, बाळ झालात की!"

हसले. तोंडावर हात धरून हसले.

तो हात आधी नव्हता. मला दिसला. मी काही विचारलं नाही.

मीरा आता पुण्याला असते. मे महिन्यात आली होती, तेव्हा काका वर आले. खुर्ची खिडकीशी ओढून बसले आणि तोंड उघडलं.

"बघा मॅडम. कोणाला हात लावू दिला नाय. आमची ही रोज भांडती, दवाखान्यात जा म्हणून. म्हटलं, शब्द दिलाय."

मीराने मोबाइलचा टॉर्च लावला. मीही वाकून बघितलं. दातांमागे पिवळं-तपकिरी कीटण. हिरड्या खाली सरकलेल्या. बोट लावलं की खालचे पुढचे दात हलत होते.

उजवी बाजू आणि डावी बाजू सारखीच.

तिने टॉर्च बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "चहा टाकते."

स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं.

"रिझल्ट काय आला मग?"

"नक्की असं काही सांगता नाही आलं, काका."

"ऱ्हाऊ द्या. तुमचं शिक्षण झालं ना पुरं?"

"झालं."

"मग बास."

मीराने तिच्या मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये त्यांना नेलं. कीटण काढलं. चार दात काढावे लागले. परत आल्यावर काका जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, "आता शिट्टी वाजत नाय. बरं झालं, रिटायर झालो."

सगळे हसले. मीही.

काल दुपारी मीराला फोन केला.

"दातांमुळे असं होऊ शकतं?"

"हिरड्यांच्या आजाराचा आणि हृदयाचा संबंध असू शकतो, असं म्हणतात. पण काकांना त्याच्यामुळेच झालं, असं नाही म्हणता येत."

"त्याच्यामुळे नाही झालं, असं म्हणता येतं?"

ती म्हणाली, "ताई, जेव काहीतरी."

संध्याकाळी काकू आल्यागेल्याला सांगत होत्या, "ह्यांना लय अभिमान. मीरा मॅडमच्या अभ्यासात माझे दात हायेत, म्हणायचे."

मी तिथेच बसले होते.

मी कॉलेजात मराठी शिकवते. एक वाक्य होतं. ते खालच्या मजल्यावर पोचवायचं होतं.

हे इथे लिहिण्याआधी, आज सकाळी, खाली जाऊन काकूंना सगळं सांगितलं. मेसेज, ट्यूब, चहा. त्या ऐकत होत्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणाल्या, "त्यांना सांगायचं होतं ना, ताई."

हो.

काका, ती ट्रायल केव्हाच बंद झाली. मीराने वेळेवर कळवलं होतं. मी सांगितलं नाही.

आता सांगते.

डबल बेल, काका.

निघा.