हिरव्या वेष्टनातला हप्ता

आमच्या टॅबिथाचं तोंड कधी बंद नसे आणि आमची तोंडं कधी रिकामी नसत. इंग्लंडातल्या लूटन गावाच्या आसपासच्या सगळ्याच बायकांसारख्या आम्ही टोप्यांसाठी गव्हाच्या काडांच्या वेण्या घालायचो. काड ओलं राहावं म्हणून तोंडात धरायचं, मग बोलणार कशा? म्हणून टॅबिथाला वाचायला बसवलं. ती वाचायची आणि तिच्या वाटणीची वेणी आम्ही सगळ्या मिळून घालायचो. खरं सांगायचं तर तिची वेणी इतकी गबाळी असायची, की सौदा आमच्याच फायद्याचा होता.

दर महिन्याला कादंबरीचा नवा हप्ता यायचा. हिरवं कागदी वेष्टन, पुढेमागे केसांच्या तेलाच्या नि पोटदुखीच्या गोळ्यांच्या जाहिराती, आणि मधे गोष्टीची पानं, कडेला एकमेकांना जोडलेली. त्या घड्या कापल्याशिवाय आतलं वाचता येत नसे. टॅबिथा पाव कापायच्या सुरीने त्या सरासर कापायची आणि आम्ही श्वास रोखून बघायचो.

त्या वर्षीच्या गोष्टीत गिल्बर्ट नावाचा खलाशी होता. डोर्कासमावशीचा त्याच्यावर फार जीव. तिचा मुलगा रूबेनही जहाजावर गेलेला, आणि दोन हिवाळे उलटले तरी त्याची काही खबर नव्हती. त्याचा जाड निळा कोट दाराजवळच्या खुंटीवर तसाच होता. "गिल्बर्ट परत आला की माझाही येईल बघा," ती म्हणायची. यावर मात्र आमच्यातली कुणी थट्टा करत नसे.

मार्चच्या हप्त्यात गिल्बर्टचं जहाज फुटलं. टॅबिथाने पान उलटलं, तर त्याची होणारी बायको काळे कपडे घालून चर्चमधून बाहेर पडत होती. टॅबिथाला रडू कोसळलं. आम्हीही काडं बाजूला ठेवून मनसोक्त रडून घेतलं. डोर्कासमावशी उठली, घरी गेली आणि संध्याकाळी तो निळा कोट चर्चची घंटा वाजवणाऱ्या जेबेझला देऊन आली. त्यानंतर ती वाचनाला येईना. तिची रिकामी जागा बघून जीव तुटायचा.

आठवड्याने टॅबिथा त्या हप्त्यात केसांच्या तेलाची जाहिरात शोधत होती. कुणासाठी नटायचं होतं ते विचारू नका. चाळता चाळता एक पान हाताला जाड लागलं. बघते तर काय, जहाज फुटायच्या घाईत एक घडी कापायचीच राहिली होती!

भर दुपारी ती हप्ता नाचवत गल्लीतून धावत सुटली आणि आम्ही तिच्या मागे. डोर्कासमावशी दारातच वेणी घालत बसली होती.

"मावशी, मेला नाही तो! आत्या मेली, आत्या!"

मावशीने तोंडातली काडं काढली. "कुणाची आत्या, भवाने?"

"गिल्बर्टच्या होणाऱ्या बायकोची! म्हणून तर ते काळे कपडे. त्याला कोळ्यांनी होडीत ओढून घेतला. मी मेलीने मधली पानंच वाचली नाहीत."

"वाच."

टॅबिथाने धापा टाकत दोन्ही पानं वाचली.

"म्हणजे तो चांगला धडधाकट, आणि आपण त्याला पुरून मोकळ्या?" मावशी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "माझाही असाच असेल गं, अशाच एखाद्या घडीत."

तेवढ्यात समोरून जेबेझ आला, अंगात तोच कोट. मावशी तरातरा गेली आणि त्याची बटणं काढू लागली.

"अहो मावशी, काय करताय? वारा बघा किती सुटलाय! गारठून मरेन मी."

"जा, घंटा बडव, ऊब येईल. माझा पोर आला की काय घालेल?"

कोट पुन्हा खुंटीवर गेला. पुढच्या हप्त्याला डोर्कासमावशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली, आणि सुरी तिने टॅबिथाच्या हाती लागू दिली नाही.