आधी बसून दाखवा

माझी भाची कपडे दुरुस्त करते. कंबर सैल, बाही लांब, खांदा उतरलेला, काय वाट्टेल ते. अंगाने काडी, म्हणून घरात तिला काडीच म्हणतात. पण जीभ? विचारू नका! गिऱ्हाईक कपडा घालून आरशासमोर ऐटीत उभं राहिलं की ही म्हणणार, "आता बसून दाखवा. हात वर करा. दिवसभर काय पुतळ्यासारखे उभे राहणार आहात?" मगच टाचण्या लावणार. शेजारच्या मशीनवर मी, तिची मावशी.

मध्यंतरी एका मोठ्या शोरूमचे मालक आले. "दुकान बंद करा, आमच्या दुरुस्ती विभागाच्या प्रमुख व्हा." पगार, केबिन, दारावर नावाची पाटी! तिचे बाबा, म्हणजे माझे भावोजी, गवंडीकाम करतात. ते हरखूनच गेले. "पोरीने नशीब काढलं!" मैत्रिणी म्हणाल्या, "वेडे, यश म्हणजे हेच गं." मला मात्र माझीच काळजी लागली. त्या केबिनमध्ये मावशी कुठे बसणार? या वयात मला दारात तरी कोण उभं करणार? पण पोरीच्या वाटेत कशाला यायचं, म्हणून मान खाली घालून मशीन चालवत राहिले.

शोरूमने नमुन्याला एक कोट पाठवला, त्यांच्याच माणसाने टाचण्या लावलेला. काडीने नाइलाजाने गिऱ्हाईक न बघताच टीप मारली. ज्यांचा कोट, ते गृहस्थ तो घालून जेवायला बसले आणि कोट पाठीत टर्रकन उसवला.

काल मालक सही घ्यायला आले. भावोजीही मुद्दाम येऊन बसले होते. काडी म्हणाली, "आरशाजवळ मला एक खुर्ची हवी. गिऱ्हाईक बसवून बघणार."

"छे, छे! गिऱ्हाईक आमचं. तुमच्याकडे फक्त कपडे येतील."

"मग नको," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला हो!

मालक गेले आणि भावोजी कडाडले, "चालून आलेलं लाथाडलंस! मोठी कधी होणार तू?"

"बाबा, कुणाचं काम कसं करायचं, ते इथे मी ठरवते. तुम्हाला कधी ठरवता आलं?"

आता भडका उडणार, असं वाटलं मला. पण भावोजी उठले, दारातल्या पायरीवर पाय दाबून पाहिला.

"ही फरशी हलतेय," ते म्हणाले. "उद्या पक्की बसवून देतो. माणसं येत राहणार ना इथे."

मला रडूच फुटलं. हाताला लागलं त्याने डोळे पुसले. "मावशी, गिऱ्हाइकाचा शर्ट आहे तो," म्हणत कार्टीने तो माझ्या हातातून ओढून घेतला.