सातजणींचा रविवार

रुग्णालयाच्या धुलाईघरात आमची ताई चादरी धुते. तिथे सातजणी. रोज एकीची भट्टीची पाळी असते. तिने उजाडण्याआधी येऊन भट्टी पेटवायची आणि अंधार पडल्यावर विझवून घरी जायचं. रविवारी बाकीच्यांना सुट्टी, पाळीवालीला मात्र नाही. कुणावर अन्याय नको म्हणून मुकादमाने पाळ्या ओळीने लावल्या. पहिली, दुसरी, तिसरी, सातवीनंतर पुन्हा पहिली. ऐकायला किती छान!

पण बायकाही सात आणि वारही सात. सात हा हट्टी आकडा, एक आणि स्वतः सोडून कुणाचाच भाग जाऊ देत नाही. पण सातानेच सातला भागलं की बाकी शून्य. त्यामुळे पाळी फिरायची, वार जागचा हलायचा नाही. ताईच्या वाट्याला आलेला रविवार वर्षानुवर्षं तिलाच चिकटला.

तिची लेक परगावी नोकरीला, सुट्टी तेवढी रविवारी. सकाळच्या बसने यायची, माझ्या हातचं जेवायची, संध्याकाळच्या बसने परत. ताई घरी पोचायची तेव्हा लेकीची नुसती पिशवी ठेवल्याची खूण उरायची. वार बदलून माग, असं मी शंभरदा सांगितलं. ताई म्हणायची, रविवार कोण देतंय? बोलायचंही त्राण नसायचं तिच्यात. मला तिचा रागच यायचा.

मग सगळ्यांत थोरली निवृत्त झाली आणि सहाजणी उरल्या. पाळी लवकर यायला लागली म्हणून बायका करवादल्या. पण सहाच्या फेरीत वार दर वेळी एक घर मागे सरकतो. ताईचा रविवार शनिवारवर गेला, मग शुक्रवारवर, मग गुरुवारवर. तेवढ्यात नवी बाई कामाला लागली. पुन्हा सात! म्हणजे गुरुवार आता ताईचा कायमचा. मी देवापुढे साखर ठेवली.

रविवार आला त्या नवीच्या वाट्याला. तिचा मुलगा वसतिगृहात, आणि भेटायची परवानगी फक्त रविवारी.

हे कळल्याच्या तिसऱ्या दिवशी ताईने मुकादमाला सांगितलं, ओळीत माझं नाव दोनदा घाला, एक इथे आणि एक चार घरं सोडून. फेरी आठांची झाली की रविवार सगळ्यांत फिरेल.

घरी मी तिला फाडून खाल्लं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची खोडच तिला. सुजलेले पाय परातीतल्या गरम पाण्यात सोडून ती ऐकत बसली.

"दर रविवारी काय होतं ते मला ठाऊक आहे ना," एवढंच म्हणाली.

पुढचा रविवार तिचा मोकळा निघाला. लेक आली. ताईने तिच्यासाठी भात लावला, तिघी जेवायला बसलो. लेक नोकरीतलं काहीतरी सांगत होती, आणि ताईला हातातल्या घासासकट डुलकी लागली. लेकीने ताट हळूच बाजूला सरकवलं, आईचा हात पुसला, पाठीशी उशी दिली.

"मावशी, पुढच्या रविवारी आई घरी आहे?"

मी बोटं मोजली. पुढच्या रविवारी होती.

"मग उरलेलं तेव्हा सांगते," लेक म्हणाली आणि भांडी आवाज न करता उचलायला लागली.