ग्रहणातला डबा

सूर्यग्रहणाच्या सकाळी मस्कतच्या ऑफिसात मी डबा उघडला नाही. ग्रहण सुटेपर्यंत काही खाऊ नकोस, असं आईने रत्नागिरीहून फोनवर दोनदा बजावलं होतं. शेजारच्या चिनी इंजिनिअरला मी हे सांगितलं, तर त्याने हसत टिश्यूवर ग्रहणाचं चिनी अक्षर काढलं. डावीकडे ‘खाणे’, उजवीकडे ‘किडा’. म्हणाला, पूर्वी नुसतं ‘खाणे’च लिहायचे, किडा मागाहून आला.

सूर्याला कीड लावली की यांनी! आमचा शब्द बघ, कसा शास्त्रशुद्ध, असं म्हणून मी ऐटीत ‘खंडग्रास’ची फोड करून सांगायला घेतली. खंड म्हणजे तुकडा. ग्रास म्हणजे घास... आणि मी थांबलो.

चाळीस वर्षं हा शब्द मी न चावताच गिळत आलो होतो.