खडू न लावता कापलेला कोट

काकांनी खडू न लावताच कापडात कात्री घातली, तेव्हाच मला कळलं. समोर बबीन्याच्या लष्करी छावणीतून आलेले सुभेदारसाहेब उभे होते. कापड त्यांचं, मुलीच्या लग्नात घालायच्या कोटाचं.

"एक काय, तीन कोट शिवतो साहेब! कल शाम को ले जाना!" काका हसत होते. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलत नसे.

काकांचं शिंप्याचं दुकान झाशीच्या लक्ष्मी गेटजवळ. आठवीत शाळा सुटली आणि मी साताऱ्याकडून इथं आलो, तेव्हा काकांनीच ठेवून घेतलं, कटिंग शिकवली. आधी माप, मग खडूची रेघ, मग कात्री. कापलेलं परत जुळत नाही.

काकांना बायपोलर आजार. म्हणजे काही दिवस मन असं धावतं की झोपही नको होते. मग काही दिवस अंथरुणातून उठवत नाही. मागच्या खेपेला बरे झाल्यावर त्यांनीच मला बजावलं होतं, "पुन्हा तसं दिसलं तर माझी कात्री काढून घे. मी ओरडेन, तरी घे. अन् डॉक्टरकडे ने."

मी हो म्हटलं होतं. पण उस्तादाच्या कात्रीला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो. आणि त्यांनी हाकललं तर मी जाणार कुठं?

"काका, कात्री द्या."

"क्या बोला? मी शिकवलं तुला, अन् माझीच कात्री मागतोस?"

"तुम्हीच सांगितलं होतं, काका. आज खडू नाही लावलात."

ते कापडाकडे बघत राहिले. सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, "मास्टरजी, लग्नाला अवकाश आहे. मला घाई नाही."

काकांनी कात्री टेबलावर आपटली. मी उचलली. सिव्हिल लाइन्सच्या डॉक्टरांकडे जाताना वाटभर ते मला शिव्या देत होते. त्याही हिंदीत, म्हणजे रिक्षावाल्यालाही कळाव्यात.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. या वेळी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं नाही. पुढे मात्र काका भिंतीकडे तोंड करून पडून असत. दुकान बंद केलं की मी त्यांच्या उशाशी बसून बटणांची काजं करायचो. बोलत नव्हते, पण 'जा' असंही म्हणाले नाहीत. वाकडा कापलेला तुकडा मी खिशांना वापरला आणि उरलेल्यात कोट बसवला.

एका सकाळी काका दुकानात आले. मी कात्री पुढे ठेवली. त्यांनी ती घेतली नाही.

"आधी खडू दे," म्हणाले.

अशी परवानगी बऱ्या दिवसांतच घेऊन ठेवावी. ऐनवेळी आजारी माणूस ती देत नाही, आणि तिच्यावाचून आपला हात पुढे होत नाही.