कावळा शिवेना
भातात काळे तीळ दिसले, की मला चिंचवडचा घाट आठवतो. पन्नासचं दशक सरत आलं होतं. पिंपरीच्या नव्या कारखान्यात राबणाऱ्या माझ्या वडिलांनी तिथल्या डॉक्टरांचं ऐकून घरात सांगून ठेवलं होतं, "मी गेल्यावर माजं डोळं द्या. कुनाला तरी दिसंल." ते गेले, तेव्हा डॉक्टर धावत आले, पण चुलत्यांनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "पुढल्या जल्मी आंधळा येईल माजा भाऊ. न्हाई द्यायचं!" आई कोपऱ्यात बसून होती. दहाव्याला पवनेकाठी पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. ऊन चढलं, भात वाळत चालला. चुलते हात जोडून शब्द देऊ लागले, "तुज्या पोरीचं लगीन करीन, वैनीला सांभाळीन." कावळे बाभळीवरून हलले नाहीत. डोळ्यांचं नाव कुणीच काढेना. शेवटी आईच म्हणाली, "त्यास्नी काय पायजे व्हतं, समद्यांना ठावं हाय." चुलत्यांनी खाली मान घालून दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. आता माझं वय झालंय. मुलांना मी बजावून ठेवलंय, माझे डोळे द्या. दहाव्या दिवशी कावळ्याला विचारत बसू नका.